जाहिरात सीमा ओलांडते, बिल ओलांडत नाही : सीमाभागातील दुकानदाराने २०२६ चे नियोजन कसे मांडावे?

बेळगाव : नवीन वर्षाचे कॅलेंडर छापून आले, की बाजारपेठेतल्या दुकानदाराचे ‘मार्केटिंग’ एका अर्थाने सुरू होते. दुकानाचे नाव टाकलेली दिनदर्शिका गिऱ्हाइकाच्या घरी भिंतीवर लागते. गणपतीला मंडळाच्या अहवालात अर्धे पान, दसरा-दिवाळीला एखादा फ्लेक्स, गावोगाव रिक्षा फिरवणे आणि अलीकडे इन्स्टाग्रामवर पाच-दहा हजारांची जाहिरात. खर्च दरवर्षी होतो, पण तो ठरवून होतो असे नाही. सण तोंडावर आला, की शेजारच्या दुकानाने काय केले ते बघून हात खिशात जातो.

२०२६ मध्ये ही सवय महागात पडू शकते. त्याला तीन कारणे आहेत. सण सरकले आहेत, दिवाळीच्या ऐन खरेदीत १ नोव्हेंबर आला आहे, आणि मोबाईलवरची जाहिरात राज्याची हद्द ओलांडून जिथे पोहोचते तिथे माल पाठवण्याची परवानगी बऱ्याच छोट्या दुकानदारांच्या जीएसटी नोंदणीतच नाही. यातल्या तिसऱ्या गोष्टीचा निर्णय ३१ मार्चपूर्वी घ्यावा लागतो. म्हणून वर्षाचे नियोजन दिवाळीपासून उलटे मांडण्याऐवजी मार्चपासून मांडलेले बरे.

सण अठरा दिवस पुढे

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. दसरा २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरवर गेला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले होते, आता ते ८ नोव्हेंबरला आहे. अधिक महिन्यामुळे सगळी मोठी खरेदी साधारण अठरा दिवस पुढे ढकलली गेली आहे.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, दुकानात तो जाणवतो. गेल्या वर्षीच्या वहीत ‘ऑगस्टची विक्री’ म्हणून जो आकडा आहे तो गणपतीचा आहे. या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो येणार नाही. ज्याने गणपती-दिवाळीचा माल उधारीवर उचलण्याचे दिवस गेल्या वर्षीप्रमाणेच ठेवले, त्याची रक्कम अठरा दिवस जास्त अडकून पडेल. साठ दिवसांच्या उधारीवर आणलेल्या मालाचे पैसे, माल विकायच्या आधीच मागायला व्यापारी दारात उभा राहील. त्यामुळे विक्रीची तुलना महिन्याशी महिना अशी न करता सणाशी सण अशी करावी, आणि घाऊक व्यापाऱ्याशी उधारीच्या तारखा आत्ताच बोलून घ्याव्यात.

मार्चमध्ये उलट स्थिती आहे. गुढीपाडवा १९ मार्चला, गुरुवारी आहे आणि रमजान ईद चंद्रदर्शनावर अवलंबून त्याच्या एक-दोन दिवस मागेपुढे येते. खडेबाजारासारख्या ठिकाणी दोन्ही सणांची गर्दी एकाच आठवड्यात होणार. कापड, चप्पल, सुकामेवा, शेवया, अत्तर या धंद्यांना हा आठवडा दिवाळीच्या खालोखाल ठरू शकतो. या आठवड्यात जाहिरातीवर पैसे घालण्यापेक्षा दुकानात दोन माणसे जास्त ठेवणे आणि संध्याकाळी उशिरापर्यंत काउंटर चालू ठेवणे जास्त उपयोगाचे. आलेले गिऱ्हाईक गर्दी बघून परत जाऊ नये, एवढेच त्या दिवसांत बघायचे.

लग्ने थांबतील, जावई थांबणार नाहीत

१७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. या महिन्यात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत. म्हणजे १९ एप्रिलच्या अक्षय तृतीयेपासून मेच्या मध्यापर्यंत लग्नाची खरेदी दाटीने होईल, मग महिनाभर खंड पडेल आणि जूनच्या मध्यापासून आषाढी एकादशीपर्यंत, म्हणजे २५ जुलैपर्यंत, पुन्हा थोडी हालचाल होईल. लग्नाच्या बस्त्यावर चालणाऱ्या दुकानांनी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातील जाहिरात वाचवून ती एप्रिलमध्ये वापरावी.

पण अधिक महिना म्हणजे सगळा बाजार थंड, असे नाही. हा धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलावणे, तेहतीस अनारशांचे वाण, चांदीचा किंवा तांब्याचा दिवा, जावयाला कपडे, लेकीला साडी. ही सगळी खरेदी याच तीस दिवसांत होते. यापूर्वीचा अधिक महिना २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, श्रावणात, आला होता. मधल्या काळात लग्न झालेल्या प्रत्येक घरात यंदाचा धोंडा पहिला असेल. अनारसे, बत्तासे करणारे, भांडीवाले, सराफ आणि कापड दुकानदार यांनी हा महिना वहीत वेगळा लिहून ठेवावा. ‘धोंड्याचे ताट’ म्हणून तीन-चार किमतींचे तयार संच मांडले आणि त्यांचे फोटो मेच्या पहिल्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांना पाठवले, तर त्याला फारसा खर्च येत नाही. घरी अनारसे करायला वेळ नसलेली घरे बेळगावातही आहेत आणि गडहिंग्लजमध्येही.

याच काळात शाळा उघडतात आणि इथे सीमेचा फायदा होतो. कर्नाटकातल्या शाळा मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, तर महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. वह्या, दप्तरे, गणवेश, रेनकोट विकणाऱ्या बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या दुकानदाराला एकाच हंगामाच्या दोन लाटा मिळतात. पहिल्या लाटेत संपलेले माप दुसऱ्या लाटेआधी मागवायला मध्ये दोन आठवडे असतात.

दिवाळीआधीचा रविवार

यंदा १ नोव्हेंबरला रविवार आहे आणि लक्ष्मीपूजन पुढच्या रविवारी, ८ नोव्हेंबरला. नोकरदार घरांची दिवाळीची मुख्य खरेदी लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या रविवारी होते. यंदा तोच दिवस कर्नाटक राज्योत्सवाचा आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाचा आहे. चन्नम्मा चौकाकडे राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते, वाहतूक वळवलेली असते. मराठी भागात हरताळ असतो, बरीच दुकाने बंद राहतात, फेरी निघते. चंदगड किंवा खानापूरच्या गावाहून लेकरांना घेऊन खरेदीला येणारे कुटुंब त्या दिवशी शहरात येत नाही.

कोणी दुकान उघडावे आणि कोणी बंद ठेवावे हा ज्याच्या त्याच्या भावनेचा आणि भूमिकेचा प्रश्न आहे. धंद्याच्या हिशेबात मात्र तो दिवस शून्य धरणेच शहाणपणाचे. त्याची भरपाई दोन ठिकाणी होऊ शकते. एक म्हणजे २४-२५ ऑक्टोबरचा शनिवार-रविवार आणि दुसरे म्हणजे २ ते ७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी. दसऱ्याला येणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘२५ तारखेपर्यंत दिवाळीची खरेदी केली तर अमुक सवलत’ असे सांगणारी चिठ्ठी पिशवीत टाकली, तर गर्दी एक आठवडा अलीकडे ओढता येते. फ्लेक्स आणि रिक्षाचा खर्चही ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यातच व्हायला हवा. ३० ऑक्टोबरला सुरू होणारी जाहिरात तीन दिवस वाया जाणार.

तणावाचे दिवस काही सांगून येत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसवाहकाला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणानंतर दोन राज्यांमधील एसटी सेवा काही दिवस बंद राहिली. त्या दिवसांत पलीकडचे गिऱ्हाईक तुटले. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरते तेव्हाही मोर्चे आणि बंदोबस्त असतो. म्हणून वर्षाच्या जाहिरात खर्चातला दहावा हिस्सा तरी कुठल्याही सणाला न वाटता बाजूला ठेवावा. वाहतूक सुरळीत झाल्यावर गिऱ्हाइकाला परत बोलावायला तो लागतो.

जाहिरात कुठवर, बिल कुठवर?

आता मूळ मुद्दा. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर जाहिरात देताना दुकानाभोवती किलोमीटरचे वर्तुळ आखता येते. बेळगावच्या दुकानदाराने तीस किलोमीटरचे वर्तुळ आखले, की त्यात शिनोळीसह चंदगड तालुक्यातली गावे येतातच. वर्तुळ मोठे केले की गोवा, सावंतवाडी, कोल्हापूर. मराठीतली जाहिरात तिथल्या मराठी माणसाला आवडते, तो मेसेज करतो, ‘कुरिअरने पाठवाल का?’ इथे दुकानदार अडतो, किंवा नियम माहीत नसल्याने पाठवून मोकळा होतो.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला आणि उत्पादकाला जीएसटीत ‘कंपोझिशन’ योजना घेता येते. उलाढालीवर एक टक्का कर, तिमाही भरणा, वर्षाला एक विवरणपत्र. कटकट कमी म्हणून अनेक छोटे दुकानदार तीच घेतात. तिची अट अशी, की राज्याबाहेर मालाची विक्री करता येत नाही. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. बेळगावहून शिनोळीला पाठवलेले पार्सल पंधरा-वीस किलोमीटर जाते, पण कायद्याच्या दृष्टीने ती आंतरराज्य विक्री आहे. हीच अट दोडामार्गहून डिचोलीला माल पाठवणाऱ्यालाही आहे, आणि इंदूर किंवा बडोद्याहून महाराष्ट्रात मसाले पाठवणाऱ्या घरगुती उद्योजिकेलाही.

ज्याची नोंदणीच नाही, त्याचेही तसेच. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असली, तरी माल परराज्यात विकायचा तर नोंदणी सक्तीची होते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे.

पलीकडचे गिऱ्हाईक स्वतः दुकानात येऊन माल घेऊन गेले, तर ती राज्यातली विक्री धरली जाते. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून एक बारकावा आला आहे. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर पत्ता लिहिला, तर पुरवठ्याचे ठिकाण त्या पत्त्यावरून ठरते. म्हणजे काउंटरवरच्या पोऱ्याने सवयीने ‘मु. पो. चंदगड, जि. कोल्हापूर’ लिहिले, तर प्रश्न उभा राहू शकतो. बिलावर काय लिहायचे हे आपल्या सीएला एकदा विचारून काउंटरवरच्या सगळ्यांना सांगून ठेवावे.

हिशेब मांडून बघा

कंपोझिशन सोडून नियमित नोंदणी घ्यावी का? याचे उत्तर धंद्यातल्या नफ्याच्या टक्क्यावर आहे. उदाहरणादाखल कपड्याचे एक दुकान घेऊ. वर्षाला गल्ल्यात ६० लाख येतात आणि सगळा माल ५ टक्के करातला आहे. (२२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतचे तयार कपडे ५ टक्क्यांत आले, त्यावरचे १८ टक्क्यांत गेले.)

पहिले दुकान कमी नफ्याचे. कर सोडून ४८ लाखांचा माल घेतला, त्यावर २ लाख ४० हजार कर. कंपोझिशनमध्ये ही रक्कम खर्चातच जाते. ६० लाखांतून ५० लाख ४० हजार आणि एक टक्का कराचे ६० हजार वजा केले, की ९ लाख उरतात. नियमित नोंदणीत ६० लाखांतली मूळ किंमत ५७ लाख १४ हजार होते. त्यातून ४८ लाख गेले, ९ लाख १४ हजार उरले. म्हणजे कंपोझिशनने इथे पैसे वाचवलेच नाहीत, फक्त कागद वाचवला.

दुसरे दुकान जास्त नफ्याचे. ३६ लाखांचा माल, त्यावर १ लाख ८० हजार कर. कंपोझिशनमध्ये २१ लाख ६० हजार उरतात, नियमित नोंदणीत २१ लाख १४ हजार. इथे नियमित नोंदणी ४६ हजारांनी महाग पडली. हिशेब ठेवणाऱ्याचे वर्षाला १४ हजार जास्त धरले, तर बोजा ६० हजारांचा. या दुकानाला परराज्यातल्या शंभर रुपयांच्या विक्रीतून मूळ खरेदी आणि कर जाऊन साधारण ३५ रुपये सुटतात. म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ७० हजारांची, महिन्याला १४ हजारांची जादा विक्री सीमेपलीकडे झाली, तर बदल फुकट पडतो. त्यापुढचा नफा, मात्र कुरिअर आणि जाहिरातीचा खर्च त्यातून वजा करायचा.

महिन्याला १४ हजार म्हणजे हजार-बाराशेच्या बारा-चौदा साड्या. ज्या दुकानदाराला पलीकडून आत्ताच तेवढी विचारणा येते, त्याने सीएकडे जायला हरकत नाही. ज्याला महिन्याला दोन-तीन मेसेज येतात, त्याने कंपोझिशनमध्येच राहावे, जाहिरातीचे वर्तुळ आपल्या राज्यापुरते ठेवावे आणि पलीकडच्यांना ‘दुकानात या’ एवढेच सांगावे. दोन्ही निर्णय चालतात. न ठरवता दोन्ही राज्यांत जाहिरात करणे मात्र चालत नाही.

सध्या नियमित असलेल्याला २०२६-२७ साठी कंपोझिशनमध्ये जायचे असेल, तर पर्याय ३१ मार्चपूर्वी नोंदवावा लागतो. बाहेर पडणे वर्षात केव्हाही करता येते, पण शिल्लक मालावरच्या कराचा हिशेब करावा लागतो. तो आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, साठ्याची मोजदाद झालेली असतानाच सोपा जातो.

ऑनलाइन भरण्याची नोंद राहते, हेही विसरून चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा काढल्या तेव्हा बेंगळुरूत अनेकांनी ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या होत्या. पुढे सरकारने सवलतीची भूमिका घेतली. पण मोबाईलवरून जाहिरात करायची आणि मोबाईलवर पैसे नाकारायचे, हे गिऱ्हाइकाला पटत नाही. उलाढाल स्वच्छ दाखवून योग्य योजनेत राहणे, हाच त्यावरचा मार्ग.

पाटी कन्नडात, नाते मराठीत

दुकानाची पाटी ही सगळ्यात जुनी जाहिरात. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकावरचा ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तोही वरच्या भागात असणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी पाटी सक्तीची आहे. दोन्हीकडे शाखा असलेल्याला दोन वेगळ्या पाट्या कराव्या लागतात. कंपोझिशनवाल्याला आपण त्या योजनेत असल्याचे फलकावर लिहावे लागते, तेही जागेच्या हिशेबात धरावे.

यावर चिडून भागत नाही आणि नियम मोडून दंड, परवान्याचा ससेमिरा मागे लावून घेणे परवडत नाही. मराठी दुकानदाराने उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी नाव ठळक ठेवावे आणि बाकी मराठी पाटीबाहेर न्यावी. पिशवीवर, दिनदर्शिकेवर, व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर, गुगल नकाशावरच्या दुकानाच्या माहितीत मराठी मजकूर घालता येतो. नकाशावर मराठीतून दुकान शोधणाऱ्याला फोटो, वेळ आणि नंबर मराठीत दिसला, तर तो थेट दारात येतो. ही नोंद फुकट आहे, पण अनेक दुकानांचे वेळापत्रक आणि फोन नंबर तिथे जुनेच आहेत.

कन्नड आणि उर्दू बोलणारे गिऱ्हाईकही याच गल्लीत येते. कर्नाटकात जून २०२३ पासून साध्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे. खानापूर, बैलहोंगल, हुक्केरीकडच्या बायका आता मधल्या वारीही बाजारात दिसतात. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. त्यामुळे एकाच फोटोखाली दोन्ही भाषांतल्या दोन ओळी लिहायला जड जाऊ नये.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्याने दुकानाचा नंबर जतन केला आहे त्यालाच संदेश जातो. म्हणून बिल देताना ‘आमचा नंबर सेव्ह करा’ हे सांगणे हीदेखील जाहिरातच आहे. यादी गावाप्रमाणे वेगळी करावी : शहर, खानापूर बाजू, चंदगड-गडहिंग्लज, गोवा. म्हणजे एसटी बंद असली किंवा माल पाठवता येत नसला, तर त्या यादीला उगीच आमिष जात नाही.

नव्वद हजारांची वाटणी

वर उदाहरणात घेतलेल्या ६० लाखांच्या दुकानाने दीड टक्का म्हणजे ९० हजार रुपये जाहिरातीला ठरवले, तर वाटणी अशी करता येईल. दिवाळीला ३० हजार, त्यातले निम्म्याहून जास्त २५ ऑक्टोबरपूर्वी. गणपती ते दसरा २० हजार. पाडवा आणि लग्नसराईला १५ हजार. धोंड्याच्या महिन्याला ५ हजार. पिशव्या, फोटो, दिनदर्शिका यांना १० हजार. राखीव १० हजार. पितृपक्षात, म्हणजे २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या काळात, काहीच खर्च करू नये. तो पंधरवडा दिवाळीच्या मालाचे फोटो काढायला ठेवावा.

प्रत्येक खर्चापुढे वहीत एक प्रश्न लिहावा : हे पैसे वसूल व्हायला किती जादा विक्री लागेल? नफा वीस टक्के असेल तर ३० हजारांसाठी दीड लाख, चाळीस टक्के असेल तर ७५ हजार. तेवढी विक्री खरेच वाढली का, हे कळण्यासाठी नव्या गिऱ्हाइकाला ‘कुठून समजले?’ एवढे विचारून रेघ मारावी. पत्रक, मोबाईल, ओळखीतून, असे तीन रकाने पुरतात. वर्षभराने जो रकाना रिकामा राहील, त्याचा खर्च पुढच्या वर्षी कमी करावा.

मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना राज्याची हद्द अडवत नाही, कारण त्यांची नोंदणी सगळीकडे असते. शिनोळीच्या घरी त्यांचे पार्सल पोहोचते आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या बेळगावच्या दुकानातले पोहोचत नाही, ही सीमाभागातल्या छोट्या धंद्याची आजची खरी अडचण आहे. तिच्यातला काही भाग राजकारणाचा आहे, तो दुकानदाराच्या हातात नाही. नोंदणी कोणती ठेवायची, वर्तुळ किती आखायचे आणि १ नोव्हेंबरचा रविवार कसा भरून काढायचा, हे मात्र त्याच्या हातात आहे. त्यासाठी ३१ मार्चपूर्वी सीएकडे अर्धा तास आणि वहीची दोन पाने लागतात.